उंबराला फूल असते

बऱ्याच दिवसांनी दारात आलेल्या पाहुण्याला आपण हसून म्हणतो, ‘या, उंबराचं फूल झालात की!’ उंबराचे फूल कोणाला दिसत नाही, ते मध्यरात्री उमलते, ज्याच्या दृष्टीस पडेल त्याचे भाग्य उजळते, असे लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेले असते. आमच्या साक्री तालुक्यात कान आणि पांझरा या नद्यांच्या काठाने उंबर पुष्कळ आहेत. खोडाला, जाड फांद्यांना लगडलेली लालबुंद फळे दिसतात, पण फूल काही दिसत नाही. डोळ्यांना दिसले नाही म्हणून ते नसते, असे माणसाने ठरवून टाकले. फळ कसे धरते याविषयी माणसाने आजवर काय काय मानले, काय काय नाकारले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. मी कवी माणूस, पदवी बी.ए.ची, शेतीशास्त्राची नव्हे. तेव्हा माझे लक्ष झाडाइतकेच शब्दांकडेही जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

उंबराविषयीची ही समजूत फक्त आजीबाईंची नाही. मनुस्मृतीत, चरक-सुश्रुतांच्या संहितांत आणि अमरकोशात झाडांचे प्रकार पाडले आहेत. ज्याला आधी फूल आणि मग फळ येते तो ‘वानस्पत्य’ किंवा ‘वृक्ष’ आणि फुलाशिवायच जिला फळ येते ती ‘वनस्पती’. आज गवतापासून वडापर्यंत सगळ्यांना आपण जो शब्द लावतो, तो या वर्गीकरणात वड, पिंपळ, उंबर यांच्यासाठी होता. म्हणजे शाळेत मुले ‘वनस्पतीशास्त्र’ शिकतात, तेव्हा त्या विषयाच्या नावातच एक जुना गैरसमज मुक्कामाला असतो.

खरी गोष्ट अशी की आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, ती मुळात फुलांनी भरलेली बंद पिशवी आहे. कच्चे उंबर चिरून पाहिले तर आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुले चिकटलेली दिसतात. या पिशवीच्या तोंडाशी अगदी लहान छिद्र असते. त्यातून चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटून जातात. बरोबर आणलेले पराग ती आतल्या मादी फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून निघालेल्या नरांना पंख नसतात. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात आणि माद्यांसाठी भिंतीला भोक पाडून देतात. या नव्या माद्या आता पिकलेल्या नर फुलांचे पराग अंगावर घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या उंबराकडे जातात. उंबर फोडल्यावर आत किडे निघाले की आपण तोंड वाकडे करतो. पण हे किडे नसते, तर उंबराला रुजणारे बीच आले नसते.

उंबराचा भाऊ अंजीर. त्याची कथा इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. भूमध्य समुद्राच्या काठचे शेतकरी फार जुन्या काळापासून रानअंजिराची फळे दोरीत ओवून लागवडीच्या झाडांवर टांगत असत. रानफळांतले किडे लागवडीच्या फळांत गेले की फळ गळत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने इसवी सनाच्या तीनशे वर्षे आधी हे लिहून ठेवले. पुढे १८८०च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बागाईतदारांनी तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातून, म्हणजे आजच्या इझमीरकडून, अंजिराची रोपे नेली. झाडे वाढली, पण फळे सुपारीएवढी होऊन गळून पडत. रानअंजिराचे किडे आणा असे कोणी सुचवले, तर तिकडच्या अडाणी शेतकऱ्यांची अंधश्रद्धा म्हणून ते हसण्यावारी नेले गेले. अखेर किडे आणावे लागले. १८९९मध्ये ते तिथे स्थिरावले आणि मग फळ टिकू लागले. आपल्या पुरंदरच्या अंजिराला मात्र किड्याची गरज पडत नाही, ती जात परागाशिवायच फळ धरणारी आहे. सांगायचे ते एवढेच, की गैरसमज फक्त अडाण्यांचाच असतो असे नाही. शिकलेल्यानेही न पाहताच नाही म्हटले, तर तोही गैरसमजच.

खजुराचे उदाहरण याहून जुने आहे. खजुरात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. नराचा मोहोर आणून मादीच्या मोहोरावर झटकला तरच भरपूर फळ येते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या इसवी सनापूर्वी सुमारे १७५० वर्षांच्या कायद्यात याची नोंद आहे. या कामासाठी बाग माळ्याकडे दिली, तर दोन वाटे मालकाचे आणि एक वाटा माळ्याचा, आणि माळ्याने ते काम टाळल्यामुळे उत्पन्न घटले तर शेजारच्या बागेच्या मानाने त्याने भरून द्यायचे. पावणेचार हजार वर्षांपूर्वी परागीभवनाच्या हलगर्जीपणाला कायद्यात दंड होता! त्यानंतर तेराशे वर्षांनी त्या मुलुखाचे वर्णन लिहिणाऱ्या हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने मात्र खजूर आणि अंजीर यांची गल्लत केली. खजुरातही किडे शिरतात म्हणूनच फळ टिकते, असे त्याने लिहिले. काम करणाऱ्याच्या हाताला जे कळले होते, ते लिहिणाऱ्याच्या लेखणीपर्यंत नीट पोहोचले नाही.

हीच गोष्ट मदिनेतही घडली. तिथले बागवान खजुराचा नर मोहोर मादीला देत होते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मक्केचे, व्यापाऱ्यांच्या गावचे. त्यांनी हे पाहून, याचा काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. लोकांनी आदरापोटी ते काम सोडून दिले. त्या हंगामात खजूर कमी आला. हे कानावर गेल्यावर पैगंबरांनी सांगितले, की तो माझा अंदाज होता आणि तुमच्या दुनियादारीच्या कामातले तुम्हालाच अधिक कळते. ‘सहीह मुस्लिम’ या हदीसच्या संग्रहात हा प्रसंग आला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. एवढ्या अधिकाराचा माणूस बागवानाच्या अनुभवापुढे आपला अंदाज मागे घेतो, ही शिकवण मदरशातल्या आणि कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला सारखीच उपयोगी आहे.

युरोपातल्या विद्वानांना झाडांतले हे नर-मादीपण पटायला बराच उशीर झाला. पराग म्हणजे फुलाने टाकून दिलेला मळ, असे तिथले नामवंतही समजत. १६९४मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारियस याने प्रयोगांनिशी सांगितले, की पराग हा नराचा अंश आहे आणि त्याच्याशिवाय बी धरत नाही. नर झाड जवळपास नसलेल्या तुतीला फळे आली होती, पण त्यांतल्या बिया पोकळ निघाल्या, हे त्याने पाहिले होते. म्हणजे बाबिलोनच्या माळ्याला जे ठाऊक होते, ते ग्रंथात सिद्ध व्हायला साडेतीन हजार वर्षे लागली.

आता अंगणातल्या वेलाकडे येऊ. आमच्या खानदेशात घरामागे गिलक्याचा किंवा भोपळ्याचा वेल असतोच. वेल फुलांनी पिवळाधमक होतो आणि त्यातली बरीचशी फुले फळ न धरताच गळतात. आमच्या शेजारच्या आजीबाई त्यांच्याकडे बोट न दाखवता, नुसती हनुवटी उचलून म्हणायच्या, ‘ते वांझ फूल शे.’ बोट का दाखवायचे नाही? तर बोट दाखवले की कोवळे फळ कुजते म्हणून. ही समजूत किती जुनी असावी? सोळाव्या शतकात तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ रचले. त्यात धनुर्भंगानंतर लक्ष्मण आणि परशुराम यांची जी खडाजंगी आहे, तिच्यात लक्ष्मण याच समजुतीचा दाखला देऊन परशुरामाला टोमणा मारतो. म्हणजे तेव्हाच्या श्रोत्यांना ती फोड करून सांगावी लागत नव्हती.

फळ कुजते ते बोटामुळे नव्हे. भोपळा, काकडी, गिलके, दोडके यांच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ आधीपासूनच असते, नर फुलाखाली फक्त देठ असतो. मधमाशीने नराचे पराग मादीला पोहोचवले तर ते इवलेसे फळ वाढते. न पोहोचवले तर चार दिवसांत पिवळे पडून गळते. आपण कधी ना कधी त्याच्याकडे बोट दाखवलेलेच असते, मग आळ बोटावर येतो. आणि ज्याला आजीबाई ‘वांझ फूल’ म्हणत, ते वांझ नसते. ते नर असते. त्याचे काम पराग देण्याचे. ते देऊन झाले की ते गळते.

या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. फूल नर आहे, फळ धरणे हे त्याचे कामच नाही, तरी त्याला नाव बाईचे लावायचे, आणि तेही बाईला सगळ्यात जिव्हारी लागणारे. फळांविषयीच्या गैरसमजांचा इतिहास उलगडत गेलो, की तो पुष्कळ ठिकाणी बाईविषयीच्या गैरसमजांचाच इतिहास निघतो. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहितो, की पाळी आलेल्या बाईच्या स्पर्शाने रोपे सुकतात आणि ती झाडाखाली बसली तर फळे गळतात. आपल्याकडे पपईला, तुळशीला, पानमळ्याला शिवायचे नाही असे चार दिवस बायकांच्या वाट्याला आले. याच्या उलट टोकाला संस्कृत कवींची ‘दोहद’ नावाची कल्पना आहे. सुंदर स्त्रीने पैंजणाच्या पायाने लाथ मारली की अशोक फुलतो, तिने तोंडातली मदिरा शिंपडली की बकुळ फुलते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात मालविकेचा अशोकावरचा असा पदाघात हा मोठा प्रसंग आहे. कवी म्हणून मला तो आवडतो. पण लक्षात येते ते असे, की तिच्या पायाने झाड फुलते आणि तिच्या सावलीने झाड सुकते, या दोन्ही गोष्टी एकाच मनातून निघाल्या आहेत. झाडाचे जे काही बरेवाईट होईल त्याला बाई कारण.

आमच्या गल्लीत एक भाभी होत्या. लग्नाला आठ-नऊ वर्षे झाली, मूल नाही. गल्लीतल्या बारशांना त्यांना बोलावणे जात नसे. कोणाच्या दारात नवी पपई धरली की तिच्याखालून जाताना त्या स्वतःच पदर सावरून लांबून जायच्या, म्हणजे पुढे कोणी बोलायला नको. नवऱ्याने दुसरे लग्न केले. दुसरीलाही मूल झाले नाही. तेव्हा गल्लीने काय केले? दुसरीलाही वांझ म्हटले. त्या माणसासाठी गल्लीकडे शब्दच नव्हता. ‘षंढ’ ही शिवी आहे, पण ती वेगळ्या कारणाची आहे. मूल न होण्याचे कारण पुरुषात असू शकते, हे सांगणारा साधा, रोजच्या वापरातला शब्द ना मराठीत, ना आमच्या घरच्या उर्दूत. डॉक्टर आज सांगतात, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीने असते. वेलावरच्या त्या फुलाला आपण पहिल्यापासून ‘नर फूल’ म्हणत आलो असतो, तर भाभींचे आयुष्य बदलले असते असा दावा मी करणार नाही. पण आपण जे पाहायचे टाळतो ते भाषाही टाळते, आणि भाषेने टाळले की ते न पाहणे पिढ्यान्‌पिढ्या सोपे होऊन जाते.

पपईतही हेच. देशी पपईत नर झाडे वेगळी असतात. लांब लोंबत्या देठांवर त्यांना फुलांचे झुबके येतात आणि फळ येत नाही. लोक खोडात खिळा ठोकतात, शेंडा छाटतात, शेवटी झाड तोडून टाकतात. नर-मादी वेगळ्या असणाऱ्या जातीत दहा झाडांमागे एखादे नर झाड राखावे लागते, नाहीतर मादीला फळ नीट धरत नाही. शहादा-नंदुरबारकडे पपईची मोठी लागवड आहे. तिथे लावल्या जाणाऱ्या तैवान ७८६ या जातीत काही झाडे मादी आणि काही उभयलिंगी निघतात, नर झाडाची भानगडच राहत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा तो प्रश्न मिटला. अंगणातला अजून मिटलेला नाही.

फळ न देणाऱ्या झाडाला धाक घालण्याची रीत तर जगभर आहे. दहाव्या शतकातल्या बायझंटाइन काळातल्या ‘जिओपोनिका’ या शेतीविषयक संग्रहात तिचे वर्णन आहे. एकाने कुऱ्हाड घेऊन रागारागाने झाडाकडे जायचे, दुसऱ्याने मध्ये पडून विनवायचे, ‘या वर्षी सोड, पुढच्या वर्षी फळेल, मी हमी देतो.’ नाटकच ते. पण सगळेच हसण्यासारखे नाही. खोडाची साल गोलाकार काढली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे न जाता वर साठते आणि काही झाडे त्यामुळे मोहरतात. कुऱ्हाडीचा घाव सालीवर बसून कधी फळ आले असेल, तर श्रेय धमकीला गेले असेल. आपले डाळिंब आणि मोसंबी पिकवणारे शेतकरी बहार धरण्याआधी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, पाने गळतात, मग खत-पाणी दिले की एकदम फूल येते. ऐकणाऱ्याला हा छळ वाटेल, पण हे शास्त्र आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त झाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. फळे नासत असतील तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ आणि जव घालून उकळलेले दूध गार करून झाडाला घालावे, असे तो सांगतो. डाळी आणि दूध म्हणजे झाडाला एक प्रकारचे खतच. धमकी आणि खत, दोन्ही ‘जुने’च. पण त्यांची किंमत सारखी नाही, आणि ती वेगवेगळी ठरवता येणे यालाच मी शिक्षण म्हणतो.

आता खानदेशाचा मानबिंदू, केळ. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया होतो, तशी केळीची ‘केय’ होते. जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण या पिकाविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच कशाविषयी असतील. पहिला गैरसमज, केळीचे झाड. केळ हे झाडच नव्हे. आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांच्या सोपटांचे एकावर एक घट्ट गुंडाळलेले भेंडोळे आहे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. हे कोणी आधी ओळखले? हिंदुस्थानातल्या फळांविषयी लिहिताना बाबर बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे, की केळीला झाड म्हणता येत नाही, ती गवत आणि झाड यांच्या मधली काहीतरी आहे. केळफुलाचे पदर एकेक करून उघडतात आणि आत फुलांची रांग दिसते, हेही त्याने बारकाईने टिपले. लाहोर आणि दिपालपूर जिंकल्यावर त्याने अफगाणिस्तानातल्या आपल्या बाग-ए-वफामध्ये केळी नेऊन लावल्या आणि त्या चांगल्या आल्या. तलवार गाजवणाऱ्या माणसाची नजर शेतकऱ्याची होती.

त्याच्या तीनशे वर्षे आधी, सन १२००च्या सुमारास, बगदादचा हकीम अब्दुल लतीफ इजिप्तमध्ये होता. केळ मुळात कशी जन्मली याविषयी लोक काय म्हणतात, ते त्याने लिहून ठेवले. अळूच्या कंदात खजुराची बी खुपसून पेरली, त्यातून केळ निघाली! ऐकून हसू येते, पण थोडे थांबून पाहा. पान अळूसारखे ओलसर आणि रुंद, वर घड मात्र खजुरासारखा लोंबता. ज्याला बी नाही असे हे पीक आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर लोकांनी डोळ्यांना दिसणाऱ्या साम्यातून जुळवले. स्वीडनचा लिनियस याने १७३६मध्ये हॉलंडमधल्या काचगृहात केळ फुलवून दाखवली. आधी पाणी तोडून आणि मग भरपूर देऊन त्याने तिला पावसाळ्याचा भास करून दिला होता. आपल्या शेतकऱ्यांचा ताणच तो. पुढे १७५३मध्ये त्याने केळीला नाव दिले ‘मुसा पॅराडिसियाका’, म्हणजे स्वर्गातली केळ, कारण आदम आणि हव्वाने खाल्लेले फळ हेच असावे असे त्याला वाटे. यातला ‘मुसा’ अरबी ‘मौज’वरून आला आणि ‘मौज’ संस्कृत ‘मोचा’वरून गेला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. एका केळीने शब्दांचा किती प्रवास केला!

दुसरा गैरसमज अधिक महागात पडणारा आहे. केळ निसवते, घड देते, मरते आणि तिच्या बुडाशी पिले उरतात. आपण त्यांना तिची लेकरे समजतो. ती लेकरे नाहीत. लेकरू म्हणजे आईबापांच्या अंशातून झालेला नवा जीव. पिल म्हणजे तीच केळ, पुन्हा. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी रानकेळ पाहिली तर फळात काळ्या कठीण बिया सापडतात. तिला पिले फुटत नाहीत, ती बियांवरच वाढते. आपल्या खाण्याच्या केळीत मात्र ज्या बारीक काळ्या टिकल्या दिसतात, ती न झालेल्या बियांची आठवण. परागाशिवाय फळ धरणारी आणि बी नसलेली केळ माणसाने हजारो वर्षे पिलांवरच वाढवली. ‘टिश्यू कल्चर’ची केळी इंजेक्शनची असते, असे अजूनही काही लोक म्हणतात. तिथेही पिल वाढवण्याचेच काम प्रयोगशाळेतल्या बाटलीत केले जाते.

पण सगळा बाग म्हणजे एकच झाड हजार वेळा उभे असेल, तर जो रोग एकाला मारतो तो सगळ्यांना मारतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळ होती. जमिनीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि १९६०च्या आसपास तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. त्या बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१५नंतर तो बिहार आणि उत्तर प्रदेशापर्यंत आला. २०२०नंतरच्या काही पावसाळ्यांत रावेर-यावलकडे ‘हरण्या’ म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग पसरला, तेव्हा शेतकऱ्यांना नव्या लागवडीतली रोपे उपटून टाकावी लागली. हा विषाणू मावा किडीबरोबर येतो, तसा रोगी कंदातून आणि रोपातूनही येतो. ‘चांगल्या बागेतले पिल आहे’ एवढ्या भरवशावर ते आणायचे दिवस म्हणूनच गेले. पिलाबरोबर आईचे सगळेच येते, तिचा रोगसुद्धा.

भुईमुगाविषयी थोडक्यात. शेंगा मातीतून निघतात म्हणून शहरातली मुले त्यांना मुळे समजतात. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर येते. ते सुकले की त्याच्या बुडातून एक दांडी खाली वाढते, तिला आपल्याकडे ‘आरी’ म्हणतात. ती मातीत शिरते आणि मग तिच्या टोकाला शेंग भरते. फुले येऊन गेल्यावर शेतकरी पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, तो आऱ्या मातीत जाव्यात म्हणून. आमच्या तालुक्यातल्या बळसाण्याला जैन यात्रेकरू येतात. कंदमुळे वर्ज्य मानणारी ही मंडळी शेंगदाणे मात्र खातात. मूळ कोणते आणि फळ कोणते, हा फरक त्यांच्या स्वयंपाकघरात पक्का असतो.

शेवटचा गैरसमज आजच्या घडीचा आहे आणि म्हणून जास्त काळजीचा. मधमाशी फुलातला रस पिते, म्हणून फळ बारीक राहते किंवा धरतच नाही, असे मानणारे शेतकरी मी पाहिले आहेत. डाळिंबाच्या बागेत फुले गळू लागली की पहिला हात औषधाच्या पंपाकडे जातो. डाळिंबातही नर आणि उभयलिंगी अशी दोन तऱ्हेची फुले असतात. बुडाशी निमुळती, घंटेसारखी असतात ती नर फुले, ती गळणारच. बुडाशी फुगीर असते त्यातच फळ धरते. आंब्याचेही तसेच, मोहोरातली बहुतेक फुले नर असतात आणि हजारो फुलांतून हातावर मोजण्याइतकी फळे टिकतात. गळणाऱ्या प्रत्येक फुलाला रोग समजून ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी विष फवारले, तर ज्या फुलाला फळ धरायचे होते त्याच्याकडे जाणारी माशी मरते. मग फळ खरोखरच कमी येते, आणि शेतकरी पुन्हा म्हणतो, ‘पाहा, माश्यांनी खाल्लं.’ असा गैरसमज स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो.

म्हणून माझी दोनच मागणी आहेत. बागाईतदारांनी फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि करावीच लागली तर मधमाश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी. दुसरी मागणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे. मुलांना वेलापाशी न्यावे, एक नर फूल आणि एक मादी फूल हातात द्यावे, खुशाल बोट दाखवू द्यावे. एक उंबर चिरून आतली फुले दाखवावीत. आणि गळालेल्या फुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला शिकवावे. नर फूल. बोलायला ते अवघड नाही, आणि त्या एका शब्दाने गल्लीतल्या कोणा एकीच्या डोक्यावरचे ओझे थोडे तरी हलके होईल.